भाचा काशीला, मामा अकोटला

गोपाळराव डबीर वकील भाच्याच्या मुंजीला अकोल्याला विमानाने जाणार, ही बातमी अमरावतीच्या अंबापेठेत सकाळी फुटली आणि दुपारपर्यंत त्यांच्या ओट्यावर सामान जमायला लागलं. विमान म्हणजे काय, ते पडतं का, पडलं तर कुणावर पडतं, असले प्रश्न पेठेत कुणाला पडलेच नाहीत. माणूस अकोल्याला जातोय आणि त्याच्या हातात कुणाची पिशवी नाही, एवढं मात्र पेठेला सहन होईना.

कुणी लोणच्याची बरणी आणली, कुणी कुरडयांचा डबा. विमानात वजनाचा विचार करावा लागतो, हे गोपाळराव प्रत्येकाला समजावून सांगत होते. लोक मन लावून ऐकत, मान डोलावत आणि पिशवी ठेवून जात. शेवटी शेजारच्या गोदावरीकाकू आल्या. त्यांची लेक अकोल्याला दिलेली. तिच्यासाठी काकूंनी लोखंडी खलबत्ता आणला होता. तो उचलून ओट्यावर ठेवताना गडी दोनदा थांबला.

"काकू, हे विमान आहे, खटारा नाही," गोपाळराव म्हणाले.

"म्हणून तर आणला. आगगाडीत हमाल कटकट करतात. तुझ्या विमानात कोण बोलणार आहे? पायाशी ठेव. काही खायला मागत नाही तो."

बाकीचं सामान गोपाळरावांनी गोड बोलून परत केलं. खलबत्ता राहिला. काकूंनी त्यांना लहानपणी मांडीवर खेळवलं होतं. अशा बाईपुढे कुठलाही कायदा चालत नाही.

गोपाळराव नागपूरला कोर्टाच्या कामाला जात, त्या नादात तिथल्या उडण्याच्या क्लबात त्यांनी नाव घातलं होतं आणि वैमानिकाचं लायसनही मिळवलं होतं. खोटं कशाला बोला, उडणं त्यांना छान जमे. विमान उचलावं, वळवावं आणि मुलाला पाळण्यात निजवावं तसं अलगद जमिनीवर टेकवावं, तर त्यांनीच. क्लबातला इंग्रज शिक्षक त्यांच्यावर एकाच बाबतीत नाराज होता, आणि ती म्हणजे वाट काढायची विद्या. नकाशावर रेघ ओढायची, वारा कुठला ते बघायचं, घड्याळ लावायचं. इतक्या वेळाने अमुक नदी खाली यायला हवी, नाही आली तर आपण चुकलो असं समजायचं. गोपाळरावांना तो वर्गच अपमानास्पद वाटे. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला अमरावतीहून अकोला सापडत नाही, असं धरून चालणारी ही कसली विद्या? त्यांनी परीक्षेपुरतं पाठ केलं, पास झाले आणि कायद्याच्या परीक्षेनंतर करतात तसंच सगळं विसरून गेले.

"रेल्वेचे रूळ आहेत ना खाली," ते बायकोला म्हणाले होते. "बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. रूळ धरायचे आणि जायचं. एंजिनाला कळतं ते मला कळणार नाही?"

"एंजिन रुळावर असतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि लेकीला, छोट्या जमूला, घेऊन चार दिवस आधी आगगाडीने अकोल्याला निघून गेल्या.

विमानानेच जायचं कारण म्हणजे रमाताईंचे सासरे हरिहरशास्त्री. रमाताई ही गोपाळरावांची थोरली बहीण, आणि मुंज तिच्या नारायणाची. शास्त्रीबुवा निमंत्रण देताना एवढंच म्हणाले, "मामा वेळेवर येतील ना?" साधा प्रश्न. पण वकिलाला साधा प्रश्न जितका बोचतो तितका उलटतपासणीतला बोचत नाही. आता मुंजीत मामाचं महत्त्व सांगायला नको. मुंज लागली की बटू छत्री, काठी, बोचकं घेऊन काशीला निघतो, विद्या शिकायला. मामा त्याला आडवा होतो, "जाऊ नकोस रे बाबा, माझी मुलगी देतो तुला," असं म्हणतो आणि हाताला धरून माघारी आणतो. मग पंगत बसते. मामा आला नाही तर बटू काशीच्या वाटेवर आणि पाहुणे उपाशी. म्हणून गोपाळरावांनी उलट टपाली कळवलं: "काशीयात्रेच्या वेळेला विमानाने हजर होतो."

त्यानंतर कचेरी आडवी आली. अकोल्याला गावाबाहेरच्या मैदानावर उतरायला परवानगी हवी होती. पहिल्यांदा विचारणा झाली की वाहनाला किती बैल आहेत. मग, विमानातून काँग्रेसची पत्रकं टाकणार नाही अशी हमी मागितली गेली. मग, उतरताना मैदानात गुरं चरत असल्यास नुकसानीला जबाबदार कोण, यावर दोन खात्यांत मतभेद झाले. शेवटी परवानगी आली, तिच्यात अट होती: "गुरे हाकलून होईपर्यंत अर्जदाराने वरच थांबावे." गोपाळरावांनी ती वाचून डोक्याला हात लावला. टांगा थांबवतात तसं विमान आभाळात थांबवायचं म्हणजे काय, हे त्या लेखनिकाला समजावायला अजून एक अर्ज लागला असता. आणि मुंज तोंडावर आली होती.

राहता राहिले खुशालराव देशमुख. हे वलगावकडचे मोठे जमीनदार आणि गोपाळरावांचे सगळ्यांत जुने पक्षकार. अंगाने भरदार, आवाज शेताच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्याला जाणारा. त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.

"वकीलसाहेब, मी येतो. मले माहं वावर वरून पाहाचं हाय. धुऱ्याच्या भांडणात पंचांनं मले खोटा ठरवलं, आता देवाच्या जागेवरून पायतो."

"पण आपण वलगाववरून जाणारच नाही, खुशालराव. अकोला पश्चिमेला आहे."

"तं मग अकोला दाखवा. सारं वऱ्हाड माह्या तळहातावर हाय. तुमाले वाट दाखवाले माणूस नको काय?"

चैत्रातली सकाळ होती. विमान क्लबाकडून आणलेलं, पिवळं, दोन मजली पंखांचं, वरून उघडं. पुढच्या खोबणीत प्रवासी आणि मागच्या खोबणीत वैमानिक बसायचा. दोघांत बोलायला एक रबरी नळी. खुशालरावांनी चामडी टोपी घालायला साफ नकार दिला. मुंजीला जाताना फेटा काढायचा म्हणजे काय? पुढची खोबण त्यांनी एकट्यानेच भरून काढली, त्यामुळे खलबत्ता गोपाळरावांच्या पायाशी आला. त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मधोमध विमानाचं होकायंत्र होतं. खलबत्ता त्याला खेटून बसला.

उड्डाण इतकं सुरेख झालं की ते बघायला शास्त्रीबुवा नव्हते याचं गोपाळरावांना वाईट वाटलं. खाली बडनेरा आलं, तिथून रूळ पश्चिमेला वळले, विमानही वळलं. रूळ उन्हात चकाकत होते. सूर्य पाठीशी होता. होकायंत्रात पाहिलं तर पश्चिम. गोपाळरावांच्या मनात आलं, एवढ्यासाठी त्या साहेबाने सबंध वर्ग चालवला!

पुढून नळीतून आवाज येत होता. "वकीलसाहेब! ते पाहा मूर्तिजापूर!" हे बडनेऱ्याच्या पुढच्याच खेड्यावर. दहा मिनिटांनी पुन्हा, "आता आलं पाहा मूर्तिजापूर!" तिसऱ्या वेळी ते खरोखरच आलं, आणि ते ओळखल्याच्या आनंदात खुशालरावांनी मान बाहेर काढून खाली पाहिलं.

फेट्याला वारा एवढाच हवा होता. तो सुटला. वलगावच्या देशमुखांचा फेटा म्हणजे काही रुमाल नव्हे. त्याचं एक टोक खुशालरावांच्या मुठीत राहिलं आणि बाकीचा सगळा मागे येऊन गोपाळरावांच्या तोंडाला गुंडाळला. क्षणभर त्यांना जग केशरी दिसलं, मग दिसेनासंच झालं.

"सोडा, खुशालराव! सोडा तो!"

"काहून सोडू? बापाचा हाय!"

ही ओढाताण किती वेळ चालली हे सांगता येत नाही, कारण घड्याळ लावायचं गोपाळराव विसरलेच होते. विमानाने तेवढ्यात आपल्या मनाने एक मोठं वळण घेतलं. फेटा सुटून त्यांनी डोळे उघडले तेव्हा मूर्तिजापूर मागे पडलं होतं आणि खाली रूळ होते. रूळ दिसताच त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी ते धरले.

मूर्तिजापूरला रुळांचे फाटे फुटतात, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोठी लाइन अकोल्याला जाते आणि छोट्या गाडीचे अरुंद रूळ उत्तरेला, अंजनगाववरून एलिचपूरला. आगगाडीत बसलं की हे कळतं, कारण तिथे गाडी बदलावी लागते. वरून मात्र कुणी ओरडून सांगत नाही. गोपाळरावांना रूळ जरा बारीक वाटले, नाही असं नाही. पण उंचावरून सगळंच बारीक दिसतं, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

मग उजवा कान तापायला लागला. सूर्य पाठीवरून उजवीकडे आला होता. गोपाळरावांनी होकायंत्रात पाहिलं. पश्चिम. साहेबाच्या सबंध शिकवणीतलं एकच वाक्य त्यांना आठवत होतं: आभाळात मनावर विश्वास ठेवू नका, यंत्रावर ठेवा. त्यांनी ठेवला. उजव्या कानाकडे दुर्लक्ष केलं.

थोड्या वेळाने समोर डोंगर उभे राहिले.

"खुशालराव, अकोल्याला डोंगर आहेत का हो?"

नळीतून उत्तर आलं, "असतीन. आपण स्टेशनापासून गावात जातो, तिकडं कोन पायते?"

ही मेळघाटची रांग आहे, हे गोपाळरावांच्या लक्षात आलं. पण वकिली डोकं कबुलीजबाब सहसा देत नाही. आपण किंचित उजवीकडे सरकलो आहोत, एवढंच ते मान्य करायला तयार झालं. तेव्हा डोंगर उजव्या हाताला ठेवून त्यांनी रूळ सोडले आणि विमान डावीकडे वळवलं. वळून होकायंत्रात पाहिलं. पश्चिम! वळायच्या आधीही पश्चिम, वळल्यावरही पश्चिम. दुसरा कुणी असता तर इथे घाबरला असता. गोपाळरावांना उलट धीर आला. कितीही फिरवलं तरी जबानी न बदलणारा साक्षीदार कोर्टात मिळतो कुठे?

पुढे एक गाव आलं. चांगलं मोठं. जिनिंगची धुराडी, सरकीचे ढीग, देवळांचे पांढरे कळस. दूर डोंगरावर किल्ल्यासारखंही काही दिसत होतं.

"किल्ला!" खुशालराव ओरडले. "अकोल्याले किल्ला हाय! आलं अकोला!"

"अकोल्याचा किल्ला गावात आहे, डोंगरावर नाही."

"वरून उंच दिसते, वकीलसाहेब."

वरून वस्तू ठेंगणी दिसते की उंच, यावर वाद घालायची ती वेळ नव्हती. काशीयात्रेची घटका जवळ येत होती. बाजाराची मोकळी जागा पाहून गोपाळरावांनी विमान उतरवलं, आणि उतरवलं तेही इतकं हळुवार की कडेला बसलेल्या म्हशी उठल्या नाहीत.

गाव धावत आलं. गोपाळरावांच्या उडायच्या चष्म्यावर तेलाचे शिंतोडे उडालेले, डोळ्यांत धूळ, कानांत अजून एंजिन घुमतंय. एंजिन बंद होता होता फटफट करत होतं.

"कोणतं गाव हे?" गोपाळरावांनी ओरडून विचारलं.

"अको—" फट्! फट्!

"हो हो, अकोला! राममंदिरात मुंज आहे ना आज?"

"हाय ना! चाला, दाखवतो! मामाचीच वाट पाहून राहिले सारे!"

एवढं ऐकल्यावर गोपाळरावांनी आणखी काय विचारायला हवं होतं, हे नंतर पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं. नंतर सांगायला काय जातं? त्या क्षणी त्यांना फक्त शास्त्रीबुवांचा चेहरा दिसत होता. ते धावत सुटले. मागून खुशालराव, फेटा बगलेत धरून.

देवळासमोर मांडव होता. सनई चालू होती. तोफेच्या आवाजाची वाट पाहावी तशी माणसं वेशीकडे डोळे लावून बसलेली. आणि मांडवाच्या तोंडाशी बटू उभा होता. चकोट केलेलं डोकं, लंगोटी, हातात काठी, काखेत बोचकं, चेहऱ्यावर भूक. गोपाळरावांनी नारायणाला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मुंजीत डोकं भादरल्यावर सगळी मुलं सारखीच दिसतात, त्यात त्यांच्या डोळ्यांत धूळ.

"मामा आले! विमानातून आले!" आरोळी उठली.

एक लठ्ठसे गृहस्थ, यजमान वामनराव, पुढे आले आणि त्यांनी गोपाळरावांना कडकडून मिठी मारली. वामनरावांच्या बायकोला सख्खा भाऊ नव्हता. चुलत भाऊ धारणीला जंगलखात्यात होता आणि त्याला वामनरावांनी एकदाच, स्वतःच्या लग्नात, अंतरपाटाच्या गडबडीत पाहिलं होतं. गोपाळरावांना वाटलं, हे शास्त्रीबुवांच्या घरचे कुणीतरी असतील. सासरकडची माणसं कुणी मोजून लक्षात ठेवतं का?

"चला, चला, मुलगा खोळंबलाय," वामनराव म्हणाले.

गोपाळराव धूळभरल्या अंगानेच बटूपुढे आडवे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "अरे बाळा, काशीला जाऊ नकोस! मी तुला माझी मुलगी देतो! माझी जमुना तुला दिली!"

एवढ्या जोरात मामाने मुलगी दिल्याचं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बटूने बोचकं टाकलं आणि मामाचा हात घट्ट धरला. भटजींनी अक्षता टाकल्या. आणि तेवढ्यात बटूची आई ओवाळायचं तबक घेऊन आतून आली, तिने पाहुण्याकडे पाहिलं आणि तबक तसंच धरून म्हणाली, "अगं बाई, हे कोण?"

"तुझा भाऊ," वामनराव म्हणाले.

"हा माझा भाऊ नव्हे."

सनईवाल्याने फुंकर अर्ध्यावर सोडली. गोपाळरावांनी चष्मा काढून शर्टाने पुसला.

"रमाताई कुठे आहे?"

"कोण रमाताई?"

"हे राममंदिरच ना?"

"हो."

"अकोल्याचं?"

"अकोटचं," भटजी म्हणाले. चांगल्या, स्पष्ट आवाजात. त्या वेळी फटफटायला एंजिन नव्हतं.

खुशालरावांनी मोठ्याने विचारलं, "अकोटात? मंग काहून नाई सांगितलं आधी?"

याच सुमाराला धारणीची सर्व्हिस मोटार धापा टाकत आली आणि तिच्यातून खरे मामा उतरले. मेळघाटच्या रस्त्यावर तीनदा ढकलावी लागली होती. गुडघ्यापर्यंत धूळ. ते मांडवात आले तर त्यांच्या भाच्याची काशीयात्रा आटोपलेली, आणि भाचा एका परक्या माणसाचा हात धरून उभा.

"चल बाळा, पुन्हा नीघ. मी अडवतो," ते म्हणाले.

"नाही," बटू म्हणाला. "मला विमानवाले मामाच पाहिजेत."

भटजींनी निर्णय दिला की एकदा माघारी आलेला बटू पुन्हा काशीला धाडता येत नाही. शब्द दिला गेला, अक्षता पडल्या, विधी झाला. धारणीच्या मामांनी गोपाळरावांकडे असं पाहिलं, की त्यापुढे जंगलखात्यातली वाघाची नजर माणसाळलेली वाटावी. "मी घाटातून मोटार ढकलत आलो," एवढंच ते म्हणाले आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसले. गोपाळराव त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनी हात जोडले. दोन मामांमध्ये काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही, पण शेवटी धारणीचे मामा हसले आणि म्हणाले, "तुमचा भाचा तिकडे उभा असेल हो. जा लवकर."

तेव्हा गोपाळरावांना खरी भीती वाटली. इतका वेळ अपमान होता, आता डोळ्यांसमोर नारायण आला. तोही असाच चकोट, असाच काठी घेऊन, आणि त्याला अडवायला कुणी नाही.

विमानापाशी सगळं गाव वाट सांगायला हजर होतं. "असं सिद्धं जा, मंग मोठा वड लागंन, तिथून डाव्या हाताले." "वडापाशी नोका वळू, तिथं चिखल हाय." "पूर्णेच्या पुलावर कोनालेबी इचारा." खुशालराव सगळ्यांना हो म्हणत होते. गोपाळराव कुणाचंच ऐकत नव्हते. पंखाच्या सावलीत मांडी घालून त्यांनी, इतके दिवस घडी न मोडलेला नकाशा पसरला.

तेवढ्यात खुशालराव मागच्या खोबणीत वाकले आणि त्यांनी खलबत्ता बाहेर काढला. कुणा भाविकाने वाटेत खायला दिलेल्या लाडवांना जागा हवी होती. दिशा पाहायला गोपाळराव उठून आत डोकावत होते, तोच होकायंत्राची सुई झोपेतून उठल्यासारखी गर्रकन फिरून दुसरीकडे जाऊन थांबली.

"खुशालराव, तो परत ठेवा."

खलबत्ता परत आत आला. सुई पुन्हा पश्चिमेला चिकटली. काढला, सुटली. ठेवला, चिकटली. सबंध सकाळभर त्या सुईने वऱ्हाडातल्या दिशा दाखवल्याच नव्हत्या. ती गोदावरीकाकूंचं लोखंड दाखवत होती. साहेबाच्या वर्गात, होकायंत्राजवळ लोखंड ठेवू नये, हे फळ्यावर लिहिलेलं असायचं. ते त्यांनी पाठही केलं होतं.

खलबत्ता धारणीच्या मोटारीतून अकोल्याला रवाना करायचं ठरलं. मग गोपाळरावांनी नकाशावर अकोट ते अकोला रेघ ओढली. जवळजवळ सरळ दक्षिण. मध्ये रूळ नाहीत, धरायला काहीच नाही. दोन तृतीयांश वाटेवर पूर्णा नदी आडवी. वारा पश्चिमेचा, तेव्हा विमानाचं नाक थोडं वाऱ्याकडे. किती मिनिटांनी पूर्णा यायला हवी, ते त्यांनी दोनदा मांडून पाहिलं आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आल्यावर घड्याळ मनगटावरून काढून समोर टांगलं. पंखा फिरवायचं काम खुशालरावांनी बजरंगबलीचं नाव घेऊन केलं. या खेपेला ते चामडी टोपी घालून बसले.

वर गेल्यावर चहूकडे एकसारखी काळी, नांगरून ठेवलेली जमीन. कुठलं खेडं कुठलं, कळायला मार्ग नाही. नळीतून एकदा आवाज आला, "वकीलसाहेब, हे दर्यापूर असंन." गोपाळराव म्हणाले, "असेल, खुशालराव," आणि त्यांनी नजर सुईवरून हलवली नाही. रूळ धरून जाताना माणसाला आपण जातोय असं वाटतं. इथे नुसता एक आकडा, एक सुई आणि स्वतःचा शब्द. घड्याळाचा काटा ठरल्या जागी आला. खाली काही नाही. तो जागा ओलांडून गेला. गोपाळरावांच्या मनात पुन्हा वळायचं आलं, डावीकडे की उजवीकडे ते मात्र येईना. त्यांनी हात हलू दिला नाही आणि नाक होतं तिथेच ठेवलं.

मग उन्हाच्या झळांतून वाळूचा एक पिवळसर पट्टा दिसला. त्याच्यामधून पाण्याची वळणदार रेघ.

"पूर्णा!" गोपाळराव इतक्या जोरात ओरडले की नळीची गरजच पडली नाही. "पूर्णा आली! मी म्हटलं होतं, येईल! आली!"

"नदी हाय ते," खुशालराव म्हणाले. "जाईन कुठं?"

त्यांना तो आनंद समजणं शक्यच नव्हतं. नदी तिथे युगानुयुगं होती. पण आज ती गोपाळरावांनी मांडून काढली होती. खटला जिंकल्यावरही त्यांना असं कधी वाटलं नव्हतं. पुढे रुळांची जाडजूड मोठी लाइन आली, खरा गावातला किल्ला आला, आणि मैदान आलं. त्यावर दोन शिपाई आणि शासकीय आदेशाची पर्वा न करणाऱ्या चार गाई. गोपाळरावांना गुरं हलेपर्यंत खरोखरच वर घिरट्या घालाव्या लागल्या. कचेरीची अट अशी अक्षरशः पाळणारा अर्जदार त्या जिल्ह्यात दुसरा झाला नसेल.

टांग्याने राममंदिर गाठलं तेव्हा ऊन चढलं होतं. पानं मांडून कोरडी झालेली. पाहुणे भिंतींना टेकून, आता कुणाशीही भांडण काढतील असे. आणि लिंबाखाली, बोचक्यावर बसलेला नारायण. मामाने अडवल्याशिवाय माघारी यायचं नाही, हे आजोबांनी त्याला इतकं नीट समजावलं होतं की तो आता आजोबांचंही ऐकत नव्हता.

"गोपाळ!" रमाताई कडाडल्या. "कुठे होतास तू?"

येताना टांग्यात गोपाळरावांनी वाऱ्यावर एक चांगला युक्तिवाद तयार केला होता. तो त्यांच्या ओठांपर्यंत आला. समोर हरिहरशास्त्री उभे होते, शांत, हात मागे बांधून.

"वाट चुकलो, ताई," गोपाळराव म्हणाले. "अकोटला गेलो."

शास्त्रीबुवांनी मान हलवली. "चुकलेला माणूस माघारी आला, म्हणजे वाट सापडली. आता याला आणा," आणि त्यांनी नारायणाकडे बोट दाखवलं.

गोपाळराव पुन्हा धुळीत आडवे झाले. "नारायणा, काशीला जाऊ नकोस रे! मी तुला माझी मुलगी—"

"वकीलसाहेब!" खुशालराव घाईघाईने पुढे आले. पक्षकाराचं नुकसान होताना वकिलाने गप्प बसू नये, तसंच वकिलाचं होताना पक्षकारानेही बसू नये, अशा कळकळीने ते म्हणाले, "ते तं अकोटात देऊन आलो ना आपण! चांगल्या अक्षता टाकून! आता इथं कोन्ती देता?"

पाहुणे भिंतीपासून सुटले. भुकेचा विसर पडला. प्रमोदिनीबाई जमूला कडेवर घेऊन दारात आल्या, आणि लोकांसमोर नवऱ्याशी बोलायची ती घरची रीत नसतानाही त्यांनी अगदी हळू विचारलं, "अहो, आज आणखी कुठे कुठे उतरला होतात, तेवढं एकदा सांगून टाका."

"अकोटलाच," गोपाळराव जमिनीवरून म्हणाले. "फक्त अकोटला."

पेच नारायणाने सोडवला. तो उठला, त्याने काठी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "मला मुलगी नकोच, मामा. विमानात बसवत असलास तर माघारी येतो."

सगळ्यांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. त्यांनी थोडा विचार केला. बटूला कशाचं आमिष दाखवून परतवावं, याबद्दल शास्त्रात नक्की काही सांगितलेलं नाही, असं ते म्हणाले. आणि पंगत बसली.

ऊन कलल्यावर मैदानावर सगळं गाव जमलं. पुढच्या खोबणीत नारायण, लंगोटीवर मामाचा कोट घालून. त्याच्या कमरेचा करगोटा रेशमाचा आहे ना, हातात लोखंडाचं काही नाही ना, हे गोपाळरावांनी स्वतः तपासलं. विमान वर गेलं, अकोला खाली लहान झालं, आणि नळीतून पोराचा आवाज आला.

"मामा, काशी कुणीकडे आहे रे?"

गोपाळरावांनी सुईकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग डोळ्यांवर हात धरून मावळतीकडे झुकलेला सूर्य पाहिला. तिघांचं एकमत झाल्यावर त्यांनी हात लांब करून बोट दाखवलं.

"तिकडे," ते म्हणाले.